खाट नसलेलं बाळ

गुरुवारी सकाळी साडेसहाला बाळांच्या वॉर्डात वजनं होतात. दिवस भरायच्या आत जन्मलेली, ओंजळीत मावतील एवढी बाळं ती. त्यांचं दूध, त्यांचं औषध, सगळं वजनावर ठरतं, आणि ते वजन लिहायच्या चिठ्ठ्या कोपऱ्यातल्या छोट्या प्रिंटरमधून निघतात. आईचं नाव, खाटेचा नंबर, बाळाचं वय दिवसांत, आणि वजनापुढे रिकामी जागा. एका बाळाला एक चिठ्ठी. इतक्या सरळ कारभारात भुताला शिरायला फट कुठे असेल, असं कुणालाही वाटेल.

तरी भूत होतंच. वॉर्डात बावीस बाळं असली की चिठ्ठ्या तेवीस निघायच्या, एकोणीस असली की वीस. जादा चिठ्ठी नेहमी पहिली, आणि तिच्यावर खाटेचा नंबर नसायचा. नव्या सिस्टर दचकायच्या, जुन्या तिकडे पाठ करून दुपटी मोजत बसायच्या. वॉर्डातली मावशी, म्हणजे लादी पुसणं, बाळांचे कपडे बदलणं आणि लहानथोर सगळ्यांवर डाफरणं ही तिन्ही कामं तीस वर्षं मनापासून करणारी बाई, तेवढी पुढे व्हायची. "आली गं बाई," असं प्रिंटरला म्हणायची, चिठ्ठीची घडी घालायची आणि खिशात टाकायची. खिडकीजवळची खाट गुरुवारी सकाळी रिकामी ठेवायची असाही एक नियम होता. तो कुणी केला, कुठे लिहिलाय, हे विचारायचं नाही. डॉक्टरसुद्धा तो पाळायचे. शिकलेल्या माणसाला भूत मान्य नसतं, पण भुताची गैरसोय करायची त्याची छाती होत नाही.

हे सगळं कॉम्प्युटरवालीला त्या गुरुवारपर्यंत ठाऊक नव्हतं. ती तळमजल्यावरच्या खोलीत बसायची आणि वॉर्डाशी तिचा संबंध फोनपुरता होता. ती खोली, खोलीतली खुर्ची, खुर्चीवरची काकीने शिवलेली उशी आणि कपाटाएवढा जुना प्रोग्राम, हे सगळं तिला काकांकडून मिळालेलं. काका म्हणजे तिच्या वडिलांचे थोरले भाऊ. आयुष्यभर त्यांनी याच हॉस्पिटलात हेच काम केलं, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, आणि पुतणी त्यांच्या जागी आली. काकाकाकींना मूल नव्हतं. म्हणजे घरात तसं म्हणत. ते कसं आणि का, हा प्रश्न घरात कुणी काढायचा नाही. तोही एक नियमच होता म्हणा.

जुना प्रोग्राम आता जायचा होता. पुढच्या गुरुवारपासून नवा, जो तिने वर्षभर खपून लिहिला होता. बुधवारी संध्याकाळी जुनं यंत्र उचलून नेणार, त्यामुळे मागे फिरायची सोय नव्हती. म्हणून आज दोन्ही चालवून बघायचे. आधी जुना.

प्रिंटर खरखरला, पहिली चिठ्ठी बाहेर आली आणि मावशीचा हात पुढे गेला. पण कॉम्प्युटरवालीचा हात जवळ होता.

चिठ्ठीवर खाट कोरी. वजन कोरं. वय : ९८७० दिवस. आणि आईच्या नावापुढे काकीचं नाव. नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं पूर्ण.

"दे ती इकडे," मावशी म्हणाली.

"मावशी, ही कुणाची आहे?"

"जिची आहे तिची. दे."

"तुम्ही याचं काय करता?"

"जागेवर पोचवते." मावशीने चिठ्ठी तिच्या बोटांतून अलगद काढून घेतली आणि घडी घातली. एरवी तोफखाना असलेली ही बाई मग पाठ फिरवून दुपटी मोजायला लागली.

मग नवा प्रोग्राम लावला. प्रिंटर एकदा हुंकारला आणि थांबला. पडद्यावर लाल अक्षरांत एक ओळ आली. यंत्राची भाषा बाजूला ठेवली तर तिचा अर्थ एवढाच होता : हे वॉर्डातलं बाळ नाही.

मागे बावीस बाळांच्या बावीस चिठ्ठ्या अडकून पडल्या होत्या. मोठ्या सिस्टरनी दोन्ही हात कमरेवर ठेवले. "हे बघ, मला तुझ्या यंत्रातलं ओ की ठो कळत नाही. पण पुढच्या गुरुवारी चिठ्ठ्या निघाल्या नाहीत, तर कुणाला किती दूध द्यायचं ते मी काय अंदाजाने ठरवू? चार चमचे इकडेतिकडे झाले तर ही पोरं सोसत नाहीत. कळतंय ना?"

"कळतंय, सिस्टर. बुधवारपर्यंत करते."

जिना उतरताना तिने मनातल्या मनात एक वजाबाकी केली, आणि तिला मधल्या पायरीवर थांबावं लागलं. ९८७० दिवस म्हणजे सत्तावीस वर्षं आणि वर आठ दिवस. तिला स्वतःला सत्तावीस पूर्ण व्हायला तीन दिवस होते. म्हणजे ते बाळ तिच्याहून अकरा दिवसांनी मोठं.

अकरा दिवस. काकी तिच्या वाढदिवसाची भेट दरवर्षी अकरा दिवस आधी द्यायची. "काकीचं कॅलेंडर पुढे धावतं," अशी घरात थट्टा व्हायची आणि काकीही हसायची. यंदाचा निळा स्वेटर मागच्या बुधवारी आला होता. तो या क्षणी तिच्या अंगात होता.

तिने तो काढला. तळमजल्यावरच्या खोलीत गारठा होता तरी काढला, आणि खुर्चीच्या पाठीवर टाकला. मग तो तिथे कुणी बसल्यासारखा दिसायला लागला, म्हणून उचलून खणात कोंबला.

*

मामला काय आहे ते समजायला काकांच्या स्वयंपाकघरात जावं लागेल. ती तेरा वर्षांची असताना काकांनी तिला प्रोग्राम लिहायला शिकवलं ते तिथेच, काकीच्या फडताळासमोर उभं करून. फडताळात एकसारखे डबे होते आणि प्रत्येकावर काकांच्या ठसठशीत अक्षरात चिठ्ठी.

"डबा सगळीकडे तोच," काका म्हणाले होते. "झाकण तेच, आकार तोच. आत काय घालायचं ते चिठ्ठी सांगते. साखरेचा डबा, चहाचा डबा. आपण 'अमक्याचा डबा' एकदाच घडवायचा आणि अमक्याच्या जागी हवं ते लिहायचं. आता सांग, साखर ही खायची वस्तू आहे ना?"

"आहे."

"म्हणजे जिथे कुठे खायची वस्तू मागितली, तिथे साखर दिली तर चालेल?"

"चालेल."

"मग साखरेचा डबा हा खायच्या वस्तूंचा डबा आहे?"

"आहेच की."

"चूक!" काकांना टाळी वाजवण्याइतका आनंद झाला होता. "मी हा डबा तुझ्या काकीला दिला आणि म्हटलं, हा खायच्या वस्तूंचा आहे. तिने त्यात मीठ ओतलं. तिचं काही चुकलं? मीठ खायचीच वस्तू आहे. आणि सकाळी तू उठून चहात दोन चमचे घातलेस. म्हणून साखर भले खायची वस्तू असेल, पण साखरेचा डबा खायच्या वस्तूंचा नाही. बघायला दे, मोजायला दे, हरकत नाही. त्यात घालायची मुभा दिलीस की संपलं. आणि लक्षात ठेव, घालणाऱ्याला कधीच काही होत नाही. तो हात झटकून निघून जातो. होतं ते काढणाऱ्याला."

काकी ओट्यापाशी उभी राहून ऐकत होती. "मी कशाला ओतेन साखरेत मीठ?" ती म्हणाली होती. "माझं नाव कशाला मध्ये?" तिघंही हसली होती.

आता त्याच काकांचा पंधरा वर्षांपूर्वीचा प्रोग्राम पुतणीने उघडला. त्यात बाळ नावाचा एक प्रकार होता. आईचं नाव, जन्मतारीख, बस्स. त्या प्रकाराच्या पोटात दुसरा प्रकार, वॉर्डातलं बाळ. बाळाचं सगळं त्याला होतंच, शिवाय खाट आणि वजन. वॉर्डातलं प्रत्येक बाळ हे बाळ असतंच, पण प्रत्येक बाळ वॉर्डात येतं असं नाही. काही पाळण्यापर्यंत पोचतच नाहीत. त्यांची नोंद वेगळ्या, काळ्या पुठ्ठ्याच्या वहीत होते.

आणि यादी होती वॉर्डातल्या बाळांची. काळ्या वहीतल्या कुणालाही तिच्यात शिरता येऊ नये अशीच ती बांधलेली. पण एका ठिकाणी काकांनी यंत्राला सांगितलं होतं की ही यादी तू नुसत्या बाळांची समज. यंत्र हरकत घेणारच. असं करू नका, पुढे कुणाच्या तरी हाती भलतंच लागेल, असा इशारा ते देतं. काकांनी आणखी एक ओळ लिहून त्याचं तोंड बंद केलं होतं. मग एक नोंद आत सोडली होती, एकच, आणि दार पुन्हा लावून घेतलं होतं.

वर टीप होती. काका टीप लिहायला बसले की पानभर लिहायचे, त्यावरून त्यांची टिंगल व्हायची. इथे तीन शब्द होते.

मला माहीत आहे.

जुना प्रोग्राम वजनाच्या चिठ्ठ्या काढताना आईचं नाव आणि तारीख तेवढी विचारायचा, आणि ती त्या बाळाकडे होती. खाट किंवा वजन नसलं तर जागा कोरी सोडून पुढे जायचा. नवा प्रोग्राम आधी खाट विचारत होता. पंधरा वर्षांत त्या बाळाला कुणी विचारलं नव्हतं की तुझी खाट कुठे आहे. पुतणीने पहिल्यांदा विचारलं, आणि सगळं थांबलं.

खाट नसेल तर पुढे जा, अशी एक ओळ घालून तिला मोकळं होता आलं असतं. पण आज चिठ्ठ्या, उद्या औषध, परवा रक्ताची तपासणी. त्या यादीतून काढणारा प्रत्येक माणूस डोळ्यांत तेल घालून बसेल असं थोडंच आहे? नोंद जायलाच हवी होती. कळ दाबायला दोन सेकंद लागली असती. शुक्रवारी तिने तीनदा बोट ठेवलं आणि तीनदा उचललं. आपल्याहून अकरा दिवसांनी मोठ्या माणसाला न विचारता घराबाहेर कसं काढायचं?

*

रविवारी, तिच्या खऱ्या वाढदिवशी, दुपारी ती काकांकडे गेली. निळा स्वेटर घालून गेली. न घालता गेली असती तर काकीने विचारलं असतं.

दारातच वजनकाटा होता. काकीच्या घरात शिरायचं ते तिकीटच. "चढ आधी," काकी म्हणायची, आणि कितीही आकडा आला तरी "वाळलीस हो" असं म्हणून आत सोडायची. लहानपणापासून हे चाललेलं. आज काट्यावर उभं राहताना पुतणीच्या तळपायांना पत्र्याचा गारवा चटकन लागला.

"छप्पन," काकी वाकून म्हणाली. "वाळलीस हो."

काका गॅलरीत बंद पडलेलं घड्याळ उघडून बसले होते. नवा प्रोग्राम काय म्हणतो, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "एका नोंदीपाशी अडलाय." काकांच्या हातातला बारीक स्क्रू खाली पडला. त्यांनी तो शोधला नाही. पडला तिकडे बघत राहिले.

"मी चहा टाकते," ती घाईने म्हणाली आणि आत गेली. विचारायचं आहे आणि विचारवत नाही, अशा वेळी माणसं चहा टाकतात.

साखरेचा डबा रिकामा होता. काकी न्हाणीघरात होती. पुतणीने स्टूल ओढून वरच्या फळीवरचे डबे चाचपले. सगळ्यात मागे एक होता, काकांच्या अक्षरात 'साखर, जादा'. तो उतरवताना हलका लागला. तिने झाकण काढलं आणि आत हात घातला.

हाताला कागद लागले.

घड्या घातलेल्या चिठ्ठ्या, गच्च. तिने एक उघडली, मग दुसरी, मग मूठभर ओट्यावर ओतल्या. सगळ्यांवर काकीचं नाव, सगळ्यांवर खाट कोरी. वय : ७०००. वय : ७००७. वय : ८३३०. प्रत्येक आकड्याला सातने भाग जात होता, म्हणजे जन्मही गुरुवारचाच; दर चिठ्ठीला सात दिवसांनी वाढत आलेलं ते बाळ. आणि वजनाची जागा कोरी नव्हती. प्रत्येक चिठ्ठीवर काकीच्या बारीक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात वजन होतं. एकेचाळीस किलो. साडेत्रेचाळीस. अठ्ठेचाळीस. बारावीच्या परीक्षेनंतर ती सुटली होती आणि सगळे तिला चिडवत होते, त्या उन्हाळ्याचे साठ.

सगळी वजनं तिची होती.

पंधरा वर्षं दारात थांबवून, काट्यावर चढवून, वाळलीस हो म्हणून काकीने तिचं जे मोजलं, ते इथे दुसरीच्या नावावर जमा होत गेलं होतं. स्वेटरची मापंही तशीच घेतली असणार. मग प्रेमाने जवळ घेतलं ते कुणाला?

"तो डबा नाही गं." काकी दारात उभी होती. ओले हात तिने पदरालासुद्धा पुसले नव्हते.

मागून काका आले. त्यांनी ओट्यावर बघितलं, एक चिठ्ठी उचलली, चष्मा कपाळावर सारून डोळ्यांजवळ धरली. पुतणीने काकांना घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. आता पाहिलं.

"या तुझ्याकडे कशा?" ते काकीला म्हणाले.

"मावशी आणून देते. महिन्याच्या शेवटी, मी भाजी घ्यायला निघते तेव्हा. तिच्याच हातात होती ना ती, गेली तेव्हा. तिला नाव ओळखता येणार नाही होय?" काकीचा आवाज शांत होता. "मला वाटायचं, तुम्हाला माहीत नाही. यंत्रात काहीतरी बिघाड झालाय आणि ती आपण होऊन येते. तुम्हाला कळलं तर तुम्ही बिघाड दुरुस्त कराल. म्हणून नाही बोलले."

काका स्टुलावर बसले. "मीच घातली तिला," ते म्हणाले. "जुन्या वह्या यंत्रात भरत होतो. काळी वहीपण भरायची होती. तिचं पान आलं आणि... एवढ्या बाळांची नावं मी त्या यादीत रोज घालत होतो. आपलं एक नको? गुरुवारी वॉर्डाबाहेर उभा राहायचो, प्रिंटर वाजताना ऐकायला. पहिली खरखर तिची. चिठ्ठी मात्र केरात जात असेल, असंच धरून चाललो. तुला कळलं तर तू कोलमडशील असं वाटायचं."

एका घरात, एका ताटाएवढ्या अंतरावर बसून पंधरा वर्षं ही दोघं एकाच पोरीला एकमेकांपासून लपवत होती. पुतणीला त्यांचा कळवळा आला आणि रागही आला, आणि राग आधी तोंडातून बाहेर पडला.

"आणि मी?" ती म्हणाली. "मी कोण होते यात? वजन द्यायला एक अंग?"

मग काकी पुढे आली. तिने ओट्यावरच्या चिठ्ठ्यांत बोटं घातली आणि शोधायला लागली, तांदूळ निवडावेत तशी एकेक बाजूला करत. तिला हवी ती सापडायला बराच वेळ लागला. ती तिने पुतणीपुढे सरकवली.

त्या चिठ्ठीवर आधी चाळीस लिहिलेलं होतं. ते खोडून पंचेचाळीस केलं होतं. मग तेही खोडलं होतं, इतकं जोरात की कागद फाटला होता. त्यानंतर काहीच लिहिलं नव्हतं.

"तुला कावीळ झाली होती तेव्हाची," काकी म्हणाली. "चौदाची होतीस. पाच किलो उतरलीस. मी घरी येऊन चाळीस लिहिलं. मग मनात आलं, आजारी ही चिठ्ठीतली कुठे आहे? हिला काय झालंय? म्हणून पाच किलो परत घातले. आणि घातल्यावर लक्षात आलं की ही बरी राहिली तरी मला त्याचं काही नाही. मला तुझे पाच किलो परत हवे होते. तुझेच. रात्रंदिवस तुझ्या उशाशी बसले ती हिच्यासाठी नाही बसले. आधी तू तिच्या जागी होतीस. खोटं कशाला बोलू? त्या आठवड्यानंतर नव्हतीस."

"पुढेही लिहीत राहिलीस की."

"मग काय कोरी ठेवू? दर आठवड्याला येत होती बिचारी."

चहाचं पाणी आटून भांडं करपायला लागलं होतं. पुतणीने गॅस बंद केला. मग तिने यंत्र कशापाशी अडलंय ते सांगितलं. बावीस बाळं, बुधवार, जुनं यंत्र उचलून नेणार, सगळं. शेवटचं वाक्य तिला म्हणवेना, ते काकांनी म्हटलं.

"काढावीच लागेल. काढणाऱ्याला होतं. मीच शिकवलंय." त्यांनी काकीकडे बघितलं. "तुला हवी असेल तर चिठ्ठी मी घरी छापून देत जाईन. तशीच्या तशी. दर गुरुवारी."

"नको," काकी म्हणाली. "तुम्ही छापलेली ती तुमची. ती आपण होऊन यायची, म्हणून तिची होती." मग तिने सगळ्या चिठ्ठ्या गोळा केल्या, डब्यात भरल्या आणि झाकण दाबलं. "बावीस पोरं आहेत तिथे. काढा."

*

बुधवारी दुपार कलल्यावर काका तळमजल्यावरच्या खोलीत आले. तीन वर्षांनी आपल्याच खुर्चीवर बसताना त्यांनी आधी परवानगी मागितली. जुनं यंत्र न्यायला माणसं यायला अजून तास होता.

पुतणीने नव्या प्रोग्राममध्ये दोन दिवसांत आणखी एक यादी बांधली होती. बाळांची यादी, नुसत्या बाळांची. या इमारतीत जन्मलेलं कुणीही तिच्यात चालत होतं, वॉर्डात गेलेलं आणि न गेलेलं. खाट विचारायची नाही, वजन विचारायचं नाही. चिठ्ठी मात्र त्या यादीतून निघणार नव्हती, कारण ज्याला वजनच नाही त्याची वजनाची चिठ्ठी कशी निघेल? काळी वही तिने अख्खी भरली होती. एकच पान भरायचं ठेवलं होतं.

"हे तुम्ही भरा," ती म्हणाली.

काकांनी आधी जुनी नोंद पुसली. मग नव्या यादीत काकीचं नाव लिहिलं, तारीख लिहिली, आणि कळ दाबून ते डोळे बारीक करून पडद्याकडे बघत राहिले. पुतणीला आधी कळेना ते कशाची वाट बघतायत. मग कळलं. ते इशाऱ्याची वाट बघत होते.

इशारा आला नाही. कुठेही लाल अक्षर नाही, हरकत नाही. यंत्राने नोंद मुकाट्याने आत घेतली, जशी कुणाचीही घेतली असती.

"चालली," काका म्हणाले. "बघ, चालली की. ती बाळ होतीच ना. मी उगाच चोरून घातली गं तिला." आणि हे थोराड, गंभीर गृहस्थ उशी छातीशी धरून हमसून हमसून रडले. पुतणीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. यंत्र न्यायला आलेली माणसं दारात आली, बघून परत गेली आणि अर्ध्या तासाने पुन्हा आली.

गुरुवारी साडेसहाला ती वॉर्डात उभी होती. मोठ्या सिस्टर हाताची घडी घालून, मावशी प्रिंटरजवळ. प्रिंटर खरखरला. पहिली चिठ्ठी आली. खाट एक, वय नऊ दिवस. मग दुसरी, तिसरी. पुतणी मोजत होती. बावीसला प्रिंटर थांबला आणि हिरवा दिवा लागला.

"सुटलो बाई," मोठ्या सिस्टर म्हणाल्या आणि चिठ्ठ्या घेऊन कामाला लागल्या. त्यांनी खिडकीजवळच्या खाटेवर एक बाळ ठेवायला सांगितलं. नवी सिस्टर जागची हलली नाही, तेव्हा त्यांनी स्वतः नेऊन ठेवलं. ते बाळ खाटेवर टेकलं आणि टक्क जागं झालं.

मावशीचा हात अजून प्रिंटरपुढे पसरलेला होता. तिने तो बराच वेळ मागे घेतला नाही. पुतणीही प्रिंटरच्या बंद तोंडाकडे बघत राहिली. आज नऊ हजार आठशे सत्त्याहत्तर, तिच्या मनात आलं. यापुढे ही बेरीज करणारं कुणी नव्हतं. आणि तिच्या ध्यानात आलं की दर गुरुवारी आता आपणच ती करणार आहोत, मरेपर्यंत, कुणी सांगितलं नसताना.

खिशातला फोन वाजला. काकी.

"आली का गं?"

"नाही, काकी."

पलीकडून काट्याचा पत्रा वाजावा तसा बारीक आवाज आला, कुणीतरी तो पायाने भिंतीकडे सरकवल्यासारखा.

"बरं," काकी म्हणाली. "मग तू ये."